नव्या सिस्टरची तक्रार

सिंधुदुर्ग जिल्ह्यात बारावी झालेल्या मुलीसमोर स्वतःच्या पायावर उभे राहण्याच्या ज्या थोड्या वाटा असतात, त्यांत नर्सिंगची वाट भरवशाची मानली जाते. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, यांतले काहीही केले तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि नोंदणी झाली की काम मिळते. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्या मुलीला सरकारी नोकरी लागली तर अधिपरिचारिका, पुढे परिसेविका, आणखी पुढे अधिसेविका अशी शिडी असते. खासगीत शिडी नसते, पण काम असतेच. वेंगुर्ल्याची मुलगी सावंतवाडी, कुडाळ, ओरोस, म्हापसा किंवा पणजी यांपैकी कुठेतरी पहिली ड्युटी करते, आणि त्या दिवसापासून सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणू लागतात. तोवर ती सलाईन लावायला, इंजेक्शन द्यायला, रुग्णाचे अंग पुसायला, चार्ट भरायला शिकलेली असते. वॉर्डातच काही चुकत असेल, माणसे कमी असतील, सुई टोचली असेल, कुणी अंगचटीला येत असेल, तर ते कुणाला, केव्हा आणि कसे सांगायचे, हे मात्र बहुतेक जणी नोकरीत ठेचा खाऊनच शिकतात. कितीतरी जणी ते कधीच शिकत नाहीत. त्या गप्प राहतात किंवा नोकरी सोडतात. माझे म्हणणे असे, की नव्या परिचारिकेच्या तक्रारीकडे तिची कुरकुर म्हणून पाहणे ही घातक चूक आहे. ती तक्रार म्हणजे रुग्णाच्या जिवाशी संबंधित माहिती असते, आणि ती लिहून देणे हे ताप-नाडीची नोंद ठेवण्याइतकेच तिच्या कामाचे अंग आहे.

हे म्हणणे आपल्याकडे सहज पटत नाही, त्याला इतिहास आहे. वेंगुर्ल्यात आधुनिक रुग्णसेवा आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या सेंट लूक्स हॉस्पिटलमधून. तिथले डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांचे नाव इतिहासात सापडते. त्यांचा वेंगुर्ल्यात १९१९ साली जन्मलेला मुलगा पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला, म्हणून त्या घराण्याविषयी लिहिलेलेही मिळते. त्या इस्पितळात रात्री जागलेल्या परिचारिकांची नावे मात्र सहजी मिळत नाहीत. स्वातंत्र्यापूर्वी देशातल्या शिकलेल्या परिचारिकांचा मोठा वाटा मिशन इस्पितळांनी घडवला, कारण परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे ही कामे तथाकथित वरच्या जातींतल्या घरांना आपल्या मुलींसाठी चालत नव्हती. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांनी तरुण बायकांना, त्यांतही विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घ्यायला पाठवले तेव्हा समाजाचा हाच विरोध त्यांना अंगावर घ्यावा लागला. तो विरोध मोडायचा तर कामाला पावित्र्याचे कवच देणे भाग होते. सेवा, त्याग, ममता हे शब्द त्या कवचाचे. त्यांनी हजारो बायकांना घराबाहेर पडायची मोकळीक मिळवून दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्याच शब्दांबरोबर निमूटपणाची अपेक्षाही आली, आणि कवचाची गरज संपल्यावरही ती अपेक्षा तशीच राहिली.

आता पहिल्या वर्षात नेमके काय होते ते पाहू. मार्लीन क्रेमर या अमेरिकन अभ्यासक परिचारिकेने १९७४ साली नवशिक्या परिचारिकांवर पुस्तक लिहिले आणि शाळेत शिकलेले काम व वॉर्डात करावे लागणारे काम यांतल्या दरीमुळे बसणाऱ्या धक्क्याचे वर्णन केले. आरंभीचे कौतुक ओसरते, मग राग येतो, मग एक तर माणूस सावरतो किंवा काम सोडतो. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली दाखवले, की नवखी परिचारिका नियमांच्या आधाराने चालते आणि अनुभवी परिचारिका रुग्णाकडे पाहताच काय बिघडते आहे ते ओळखते. मधला टप्पा काही वर्षांचा असतो, तो कुणालाच उडी मारून पार करता येत नाही. या दोघींच्या अभ्यासातून नव्या मुलीने स्वतःला विचारायचा एक प्रश्न मिळतो. मला जो त्रास होतो आहे तो शिकण्याचा आहे की जागेचा? शीर सापडत नाही, सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना दोन गोष्टी विसरतात, डॉक्टरांना रात्री फोन करायची धास्ती वाटते, सीनियर सिस्टर तोडून बोलली की रडू येते, हा बराचसा शिकण्याचा त्रास. तो महिन्यागणिक कमी होतो, आणि होत नसेल तर एखाद्या सीनियरला धरून शिकून घ्यावे. पण रात्रपाळीला तीस रुग्णांत एकटीच असणे, सुया टाकायला डबा नसणे, कपडे बदलायला कडी असलेली खोली नसणे, मूळ प्रमाणपत्रे मालकाने कपाटात ठेवून घेणे हा जागेचा त्रास. तो कितीही अनुभव मिळाला तरी कमी होत नाही. उलट सवयीने दिसेनासा होतो, आणि म्हणूनच तो दिसण्याची सर्वांत चांगली वेळ पहिल्या वर्षाची असते. जुन्या माणसांची नजर मेलेली असते तेव्हा नव्या मुलीची नजर जागी असते.

माणसे कमी असण्याचा प्रश्न सर्वांत आधी घेतो, कारण त्याबद्दलचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालये तपासली आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यातही आकडा ७ टक्केच निघाला. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे ते अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक, शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तिघांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा १९४९ सालचा राज्याचा कायदाही पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण असावे असे सांगतो. हे प्रमाण सोडल्यावर काय होते हे कळायला परदेशी अभ्यासाचीही गरज नाही, पावसाळ्यातली आपल्याकडची एक रात्र पुरे. लावणीच्या दिवसांत फुरसे किंवा घोणस चावलेला रुग्ण येतो. स्वच्छ काचेच्या नळीत त्याचे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि ते गोठते का पाहायचे. प्रतिसर्पविष सुरू झाले की अंगावर पित्त उठते का, श्वास लागतो का, रक्तदाब उतरतो का, हे त्याच्याजवळ थांबून दर काही मिनिटांनी पाहायचे, आणि ॲड्रेनालिन हाताशी ठेवायचे. त्याच वेळी पलीकडे लेप्टोचा संशय असलेला तापाचा रुग्ण आहे, त्याची लघवी मोजायची आहे. तिसऱ्याला गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात पाठवायचे ठरले, १०८ रुग्णवाहिका दारात उभी आहे, त्याचे कागद करायचे आहेत. अशा रात्री एकट्या मुलीच्या हातून काही सुटले, तर तो तिच्या हुशारीचा दोष नसतो. ‘आज मी एकटी होते’ हे तिने सकाळी लिहून ठेवले नाही, तर मात्र ती रात्र झालीच नाही असे कागद म्हणतात.

सुई टोचण्याची गोष्ट त्याहून साधी आणि तरी अधिक लपवली जाणारी. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी झालेल्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्का. एचआयव्हीविरुद्धची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात, ७२ तास उलटले की त्यांचा उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ सालच्या नियमांनी रुग्णालयावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची सोय करायची आणि अपघाताची नोंद ठेवायची. तरीही मुली सांगत नाहीत, कारण ‘टोपण का लावत होतीस?’ हा पहिला प्रश्न येतो आणि तो आरोपासारखा असतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, हे खरे. पण टोपण लावले जाते ते बहुधा डबा खाटेपासून लांब असतो म्हणून. दहा सुया टोचल्याची नोंद झाली तर कुणीतरी डबा ट्रॉलीवर आणून ठेवील. एकाचीही नोंद झाली नाही तर डबा कोपऱ्यातच राहील आणि अकरावी मुलगी ७२ तास भीतीने गप्प बसेल. नोकरी धरताना हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांची चौकशी आणि ते झाल्याचा कागद, या दोन गोष्टी पगाराच्या आकड्याआधी विचाराव्यात, असे मी प्रत्येक नव्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना सांगेन.

हिंसेविषयी आणि लैंगिक त्रासाविषयी बोलायचे तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांचे नाव टाळता येत नाही. आपल्याच किनाऱ्यावर पुढे कारवारच्या दक्षिणेला असलेल्या हळदीपूरहून त्या परिचारिका व्हायला मुंबईत आल्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला, कुत्र्याची साखळी गळ्याभोवती आवळली. मेंदूला इजा झालेल्या त्या १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात पडून होत्या आणि केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. हल्लेखोरावर जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढेच आरोप चालले, लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही, आणि तो सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. या प्रकरणाची आठवण आपण दयामरणाच्या चर्चेत काढतो, कारण सर्वोच्च न्यायालयाचा २०११ सालचा निकाल त्यावर आहे. मला त्यातला तळघराचा तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. परिचारिकेने कपडे कुठे बदलायचे, रात्री पाठ कुठे टेकायची, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये ज्या तरुण डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला, तीही रात्रपाळीत विश्रांतीची जागा नसल्याने सेमिनार हॉलमध्ये झोपली होती. एखादी नवी सिस्टर ‘चेंजिंग रूमला कडी नाही’ असे लिहून देते तेव्हा ती सोय मागत नसते, सुरक्षितता मागत असते.

कायदे आहेत. महाराष्ट्राने २०१० साली केलेल्या कायद्याप्रमाणे रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवर हात उचलणे हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई अशी त्यात तरतूद आहे. परिचारिका आणि नर्सिंगचे विद्यार्थी दोघांनाही त्याचे संरक्षण आहे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. माणसे कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. शिकाऊ मुलीही यात येतात. या कायद्याची अंमलबजावणी किती ढिली आहे याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कडक शब्द वापरले, आणि ते प्रकरण आपल्या शेजारच्या गोवा विद्यापीठातले होते. कायद्यांचे हे असे आहे, की ते लेखी तक्रारीने जागे होतात. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला तारीख नसते.

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो सांगताना वाईट वाटते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या विभागाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण दगावले. भंडाऱ्यात वरिष्ठ डॉक्टरांबरोबर परिचारिकांवरही निलंबनाची, कंत्राटी होत्या त्यांच्यावर सेवासमाप्तीची कारवाई झाली. नगरला वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर परिचारिकांना अटक झाली आणि राज्यभरच्या परिचारिका संघटना रस्त्यावर आल्या. कोण किती दोषी हे ठरवणे चौकशीचे आणि न्यायालयाचे काम, त्यात मी पडत नाही. पण एवढे दिसते, की वायरिंग, आग विझवण्याची साधने, माणसांची संख्या यांतले काहीच परिचारिकेच्या हातात नसते, आणि तरी दुर्घटना झाली की त्या रात्री ड्युटीवर कोण होती हा पहिला प्रश्न असतो. त्या वेळी ‘प्लगमधून ठिणग्या येतात’ असे आधीच्या महिन्यात लिहून दिलेला, पोच घेतलेला एक कागद असेल तर तो तिची बाजू मांडतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तो कागद वेळेवर वाचला गेला तर दुर्घटनाच टळू शकते.

मग लिहायचे कसे? इथे कामाचीच एक रीत उपयोगी पडते. रात्री डॉक्टरांना फोन करताना चार गोष्टी ओळीने सांगाव्यात असे आता बऱ्याच ठिकाणी शिकवतात. आत्ता काय घडते आहे, आधीची पार्श्वभूमी काय, माझा अंदाज काय आणि मला तुमच्याकडून काय हवे. ही पद्धत अमेरिकन नौदलातून रुग्णालयांत आली. ‘डॉक्टर, पेशंट बरा वाटत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘पाच नंबरचा पेशंट, साप चावून चार तास झाले, हिरड्यांतून रक्त येते आहे, विष अजून उतरलेले दिसत नाही, तुम्ही येऊन बघा’ असे म्हटले की डॉक्टर उठतो. फोनवर मिळालेली ऑर्डर लगेच लिहावी, वाचून दाखवावी आणि सकाळी सही घ्यावी. तक्रारही याच चार पायऱ्यांनी लिहिता येते. तारीख, पाळी, वॉर्ड; काय घडले; त्यामुळे रुग्णाला किंवा मला कोणता धोका झाला; काय केल्याने तो टळेल. विशेषणे नकोत, कुणाच्या स्वभावावर शेरे नकोत. दोन प्रती काढाव्यात, एक इन्चार्ज सिस्टर किंवा मेट्रनकडे द्यावी, दुसरीवर पोच घ्यावी. रुग्णाचे नाव आणि आजार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नये, त्याने तक्रार कमजोर होते आणि रुग्णाचा विश्वासघात होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आपण दिव्याबरोबर घेतो, पण ब्रिटिश युद्धखात्याला तिने नमवले ते क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंच्या आकड्यांनी आणि आकृत्यांनी. किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीतून होणाऱ्या रोगांनी, हे तिने मांडून दाखवले. कोकणातलाच दाखला हवा असेल तर डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा घ्यावा. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून त्यांनी तासातासाच्या नोंदी केल्या, त्या ‘लॅन्सेट’पर्यंत गेल्या आणि प्राझोसिन या औषधाने विंचवाच्या विषाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. लहान गावातल्या लहान दवाखान्यातली नोंद जगाला उपयोगी पडते, हे त्यातून सिद्धच झाले.

याविरुद्धचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप सेवेचा. दुखणाइताच्या उशाशी बसणाऱ्या बाईने आपल्या हक्कांचा हिशेब करू नये, असे अनेक भल्या माणसांना मनापासून वाटते. त्यांना मी एवढेच विचारेन, की बारा तासांहून लांबलेल्या पाळीत चुका होण्याची शक्यता बरीच वाढते, हे अभ्यासांत दिसून आलेले असताना थकलेल्या सिस्टरने गप्प राहून पुढची पाळीही करणे ही कुणाची सेवा? रुग्णाची तर नक्कीच नाही. दुसरा आक्षेप जुन्या सिस्टरांचा असतो. आम्हीही असेच दिवस काढले, या आजकालच्या मुलींना सोसत नाही. त्यांनी खरोखरच काढले, आणि त्यांच्या हातांतले कौशल्य पुस्तकात मिळत नाही, म्हणून नव्या मुलीने त्यांच्याशी नम्रतेने वागावे, आधी त्यांनाच विचारावे. कितीदा असे होते, की ज्या गोष्टीची तक्रार करायची तिच्यावर उपाय त्यांच्याकडे तयार असतो. पण आपण सोसले ते पुढच्या पिढीनेही सोसावे, यात न्याय नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. वेंगुर्ल्यासारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे, मेट्रन आईच्या माहेरची. लिहून दिले तर नोकरी जाईल, आणि पुढच्या रुग्णालयात आधीच फोन गेलेला असेल. घरूनही ‘चेडवाक रातपाळी कित्याक व्हयी?’ असे म्हणणारे असतातच, त्यांना ‘सोड ती नोकरी’ म्हणायला निमित्त मिळेल. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यावरचा उपाय एकटीच्या धैर्यात नाही, चारचौघींच्या सहीत आहे. एका मुलीने लिहिले की तो तिचा स्वभाव ठरतो, पाच जणींनी मिळून लिहिले की तो वॉर्डाचा प्रश्न ठरतो. सरकारी सेवेत परिचारिकांची संघटना आहे. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून कंत्राटी भरती करण्याविरुद्ध तिने राज्यभर संप केला होता. खासगीतल्या मुलींना असा आधार फारसा नाही, म्हणून त्यांनी निदान कागद तरी पक्के ठेवावेत. नेमणुकीचे पत्र घ्यावे, त्यात पद, पगार, पाळीचे तास आणि नोकरी सोडण्याची मुदत लिहिलेली असावी. बॉण्डवर सही करण्याआधी तो घरी आणून वाचावा. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कुणाच्याही कपाटात ठेवू नयेत. आणि प्रत्येक गोष्टीची लढाई करू नये. रुग्णाच्या किंवा स्वतःच्या जिवाला धोका असेल तिथे थांबू नये, बाकीचे वेळ पाहून बोलावे.

रुग्णालय चालवणारे म्हणतात, आम्हाला परवडत नाही. तालुक्याच्या गावातल्या दहा-वीस खाटांच्या डॉक्टरची अडचण मला समजते. तरी एक आकडा सर्वांनी लक्षात ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेलाही महिना किमान २० हजार रुपये मिळावेत असे सुचवले. ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी सरकारी वेतनाहून २५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, १०० ते २०० खाटांना १० टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको आणि २०० च्या वर सरकारी वेतनाइतकेच. ही शिफारस आपोआप लागू होणारा कायदा नाही, ती अंमलात आणणे राज्यांवर सोडले आहे. इतक्या वर्षांनंतरही तो वीस हजारांचा आकडा अनेक मुलींना लांबचा वाटतो, ही आपल्या राज्याला शोभणारी गोष्ट नव्हे. शिवाय परवडण्याचा हिशेब अर्धाच मांडला जातो. शिकवून तयार केलेली सिस्टर वर्षभरात सोडून गेली तर पुढचीला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते, आणि त्या मधल्या महिन्यांची किंमत रुग्ण मोजतात. पांढरा डबा, दाराची कडी, लसीचे तीन डोस यांना तर फारसा पैसाही लागत नाही.

आणि त्या सोडून जातातच. गोवा जवळ आहे, आखाताची वाट जुनी आहे, जर्मनीची नवी. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. ज्यांना जायचे त्यांनी जरूर जावे, जर्मन शिकून, करार नीट वाचून, एजंटाला मोठ्या रकमा न देता जावे. पण ज्यांना आईवडिलांजवळ, आपल्या माणसांत राहून काम करायचे आहे, त्यांना केवळ अडचण बोलून दाखवता येत नाही म्हणून जावे लागत असेल, तर नुकसान त्यांच्यापेक्षा आपले अधिक आहे. शिरोडा, रेडी, परुळे, निवती इथल्या म्हाताऱ्याला मध्यरात्री दम लागतो तेव्हा त्याच्या बोलीत त्याला धीर देणारी, त्याच्या घरची परिस्थिती जाणणारी सिस्टर जवळच्या रुग्णालयात असणे, याला दुसरा पर्याय नाही.

म्हणून शेवटचे सांगणे वाचकांना आहे, कारण आपण सगळेच कधीतरी कुणाचे तरी नातेवाईक म्हणून वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसणार आहोत. घरच्या माणसाला दाखल करताना खोलीचे भाडे विचारता, तसे रात्रपाळीला किती सिस्टर असतात आणि त्या परिषदेकडे नोंदलेल्या आहेत का, हेही विचारा. हा प्रश्न दहा घरांनी विचारला तर व्यवस्थापनाला उत्तर तयार ठेवावे लागेल. उशीर झाला म्हणून सिस्टरवर ओरडण्याआधी ती किती खाटा सांभाळते आहे ते मोजा. आणि तुमच्या घरातली मुलगी नोकरीच्या पहिल्या वर्षी घरी येऊन काही सांगू लागली, तर तिला सोसायला सांगू नका. तिच्यासमोर कागद ठेवा, आणि तारीख घालून लिहायला सांगा.